कवटीताईंचं जुनं कार्ड

आमच्या इस्पितळात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे कवटीताईच म्हणतात. नाव ऐकून नवा माणूस दचकतो, पण बाई अगदी साधी. पन्नाशीला टेकलेली, चष्मा कपाळावर चढवून मग तोच घरभर शोधणारी. तळमजल्यावर माझ्या स्कॅनच्या खोलीला लागून त्यांची दहा बाय बाराची खोली. टेबलावर कायम एखादी कवटी, एखादा जबडा, गालफडाचा तुकडा पडलेला. खरा नव्हे, प्लॅस्टिकचा. कुणाचा चेहरा अपघातात फुटला, कुणाच्या जबड्यात गाठ निघाली, की मी त्याचा स्कॅन काढतो आणि हजार-दोन हजार चित्रं शेजारी ताईंकडे पाठवतो. ताई त्या चळतीतून संगणकावर अख्खं हाड उभं करतात, मग ते छापायच्या यंत्रातून प्लॅस्टिकमध्ये बाहेर येतं. आमच्या सर्जनबाई ते हातात घेऊन, उलटसुलट फिरवून ठरवतात, की कुठे कापायचं आणि धातूची पट्टी कुठे बसवायची.

ताई मुळात दातांच्या कवळ्या करणाऱ्या. वीस वर्षं त्यांचे हात प्लास्टरमध्ये होते. चाळिशी उलटल्यावर सर्जनबाईंनी त्यांना संगणकापुढे बसवलं, तेव्हा त्या पहिले दोन महिने माउस उलटा धरायच्या, असं त्या स्वतःच सांगतात. पण हाडाची जाण बोटांत मुरलेली. एकदा जमलं ते जमलंच.

त्यांच्या संगणकाच्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड होतं. विटेएवढं जाड, वजनदार. पडद्यावर चित्रं उभी करण्याचं सगळं काम हेच करतं. त्यात चोवीस जीबी मेमरी होती, म्हणजे कार्डाची स्वतःची जागा, जिथे चालू काम मांडून ठेवता येतं. सात वर्षं झाली होती त्याला. मोठं काम उघडलं की त्याचा पंखा असा घोंघावायचा, की माझ्या टेबलावर झोपलेला पेशंट विचारायचा, "सुरू झालं का हो?" मी म्हणायचो, "नाही, ते शेजारच्या ताई."

गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताईंनी आठ दिवस रजा घेतली. परत आल्या तर टेबलाखालचं काळं धूड गायब. त्या जागी एक चकचकीत, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं यंत्र. आवाज म्हणून नाही.

"अभिनंदन ताई!" संगणक विभागाचा प्रमुख दारातूनच म्हणाला. त्याला सगळे संगणकभाऊ म्हणत. "तुमचा नंबर पहिला लावला. जुन्यापेक्षा तीन पिढ्या पुढचं कार्ड आहे."

ताई खूश झाल्या. का होणार नाहीत? सात वर्षांत त्यांच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळसुद्धा कुणी बदललं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी एका शिक्षिकेचं काम उघडलं. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. खालच्या जबड्यात गाठ झाली होती, जबड्याचा डावा भाग काढायचा होता. अशा वेळी पायाच्या नडगीमागचं बारीक हाड घेतात, त्याचे दोन-तीन तुकडे करतात आणि कोनात जोडून नवा जबडा घडवतात. ते हाड नुसतं घेऊन चालत नाही, त्याला रक्त पुरवणारी वाहिनीही सोबत यावी लागते. म्हणून ताईंना जबडा आणि पाय, दोन्ही स्कॅन एकाच वेळी, पूर्ण बारकाव्यानिशी पडद्यावर हवे असतात.

जबडा उघडला. झटकन उघडला, जुन्यापेक्षा कितीतरी लवकर. ताईंनी मला हाक मारून दाखवलं. मग त्यांनी पाय उघडायला घेतला. पट्टी सरकत सरकत एकाहत्तर टक्क्यांवर आली आणि थांबली. पडद्यावर एक ओळ उमटली: ग्राफिक्स मेमरी अपुरी आहे. प्रोग्रॅम बंद.

"नवं आहे, बुजत असेल," मी म्हणालो.

ताईंनी पुन्हा उघडलं. पुन्हा एकाहत्तर. तिसऱ्यांदाही एकाहत्तर. संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊ वेळा करून पाहिलं. शेवटी त्या पडद्याला म्हणाल्या, "बहात्तर तरी दाखव रे बाबा, तेवढंच समाधान."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या संगणकभाऊंकडे गेल्या. त्यांनी नव्या कार्डाचं खोकं समोर ठेवलं. "हे बघा, नावातला आकडाच केवढा मोठा आहे. आणि ही चाचणी." संगणकावर दोन रंगीत पट्ट्या दिसल्या, नवी लांब, जुनी आखूड. "दीडपटीपेक्षा जास्त वेग. वीज निम्मी. काय हवं अजून?"

"मेमरी किती आहे याला?"

"आठ जीबी."

"आणि माझ्या जुन्याला?"

संगणकभाऊ जरा घुटमळले. "चोवीस. पण ताई, ती जुन्या जातीची मेमरी. याची नवी आहे, जलद आहे. मेमरी म्हणजे सगळं काही नसतं."

"माझ्याकडे तेच सगळं असतं," ताई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. कारण त्यांना खात्री नव्हती. पट्ट्या तर समोर दिसत होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

घरी आल्यावर त्यांनी आल्या आल्या ओट्यावर पातेलं आदळलं. सासूबाई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसल्या होत्या. "अगं, मला दिसत नाही, ऐकू येतं हो," त्या म्हणाल्या. "कुणावरचा राग भांड्यांवर काढतेयस?"

ताईंनी भावाला फोन लावला. त्यांचा धाकटा भाऊ जाहिरातींसाठी हलती चित्रं बनवतो, त्याचा दिवस अशाच कार्डांच्या सोबतीत जातो. संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला आणि जेवणाच्या टेबलावर एका जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून दोन रकाने आखले. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं.

"ताई, आधी नाव वाचायला शिक," तो म्हणाला. "नावातले पहिले आकडे पिढी सांगतात. शेवटचे आकडे हुद्दा सांगतात. तुझं जुनं कार्ड तीन पिढ्या मागचं, पण साहेब होतं. हे नवं आजच्या पिढीतलं, पण कारकून आहे. चपळ, हुशार, कमी खाणारा कारकून."

"म्हणजे वाईट?"

"वाईट अजिबात नाही. कुणी खेळ खेळणारा असेल तर नाचेल. पण तुझं काम वेगळं आहे. तुला एवढं मोठं हाड एकदम टेबलावर मांडायचंय आणि टेबल दिलंय तिपाईएवढं. हात कितीही भरभर चालले तरी मांडायचं कुठे?" मग त्याने आणखी एक ओळ लिहिली. "आणि मेमरीपर्यंत जायचा रस्ता. जुन्याचा तीनशे चौऱ्याऐंशी बिटांचा, नव्याचा एकशे अठ्ठावीसचा. रस्ता अरुंद, पण गाड्या जोरात. म्हणून छोट्या कामात कळत नाही."

"आणि हे कोअर काय? जुन्यात जास्त दिसतात."

"ते आतले गणित करणारे भाग, सोड ते. वेगवेगळ्या पिढ्यांचे कोअर एकमेकांशी मोजता येत नाहीत. तेवढं तक्त्यात घालू नकोस, नाहीतर तुझे इस्पितळवाले तुला त्यातच गुंतवतील."

ताईंनी रविवारी बसून तो तक्ता स्वच्छ अक्षरात लिहिला. आठ ओळी. पिढी, वेग, मेमरीचा प्रकार, वीज, आवाज, हमी, मेमरी किती, रस्ता किती रुंद. शेवटच्या दोन ओळींखाली लाल रेघ मारली. सोमवारी तो घेऊन त्या खरेदी अधिकाऱ्यांकडे गेल्या. मीही सोबत गेलो, कारण माझे स्कॅन त्यांच्याकडे तुंबायला लागले होते.

खरेदीसाहेब माणूस वाईट नाही. टेबल नीटनेटकं, पेन्सिली टोक करून ओळीने ठेवलेल्या. त्यांनी तक्ता वाचला, अगदी मन लावून वाचला. मग हिरवी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ओळीत जे सरस त्याच्यापुढे खूण करत गेले. पिढी, नवं. वेग, नवं. मेमरीचा प्रकार, नवं. वीज, नवं. आवाज, नवं. हमी, नवं. मग जुन्याच्या रकान्यात दोन खुणा.

"आठपैकी सहा नव्याला," ते समाधानाने म्हणाले. "तुमच्याच तक्त्यावरून सिद्ध झालं की ताई."

मला हसू आवरेना. ताईंचा चेहरा मात्र असा झाला, की मी हसू गिळलं.

"साहेब, या ओळी सारख्या वजनाच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आवाज कमी आहे म्हणून जबडा उघडत नाही ना!"

"मग तसं एका ओळीत लिहून द्या. दोन्हींपैकी कोणतं चांगलं? एकच उत्तर."

"कशासाठी चांगलं, ते आधी ठरवावं लागेल."

"बघा, तुम्हालाच नक्की सांगता येत नाही." त्यांनी कागद परत दिला. "आणि एक लक्षात घ्या. आमच्या अर्जात दोनच प्रकार आहेत, दुरुस्ती किंवा सुधारणा. चालू स्थितीतलं नवं यंत्र काढून जुनं बसवायचं, याला कोणता प्रकार लावू मी? असा रकानाच नाही."

जिन्यात ताई थांबल्या. मला वाटलं रडतील. पण त्या म्हणाल्या, "मला ओरडायचंय, आणि कुणावर ओरडू ते कळत नाही. प्रत्येक जण बरोबर बोलतोय."

पुढचे बारा दिवस मी शेजारून पाहिले. पहिल्यांदा त्यांनी स्कॅनचा बारकावा निम्म्यावर आणला. दोन्ही हाडं एकत्र उघडली, पण जबड्यातून जी बारीक नस जाते, तिची वाटच पुसली गेली. छापलेलं मॉडेल सर्जनबाईंनी उजेडात धरलं आणि विचारलं, "हे काय, वाळवी लागलीय का हाडाला?" त्या तोंडाने फटकळ आहेत. ताईंनी ते मॉडेल उचलून कचऱ्यात टाकलं.

मग त्यांनी जबडा वेगळा केला, पाय वेगळा केला, आणि दोन्ही नुसत्या आकारांच्या रूपात एकत्र आणले. आकार हलके असतात, ते मावले. पण वाहिनी कुठून येते ते पाहायला मूळ स्कॅनच लागतो. सर्जनबाई शेजारी बसून म्हणायच्या, "हा काप जरा खाली घ्या, वाहिनी सुटते का बघू." की ताईंनी जबडा बंद करायचा, पाय उघडायचा, पाहायचं, पाय बंद करायचा, जबडा उघडायचा. एका फेरीला बारा-तेरा मिनिटं. सर्जनबाईंकडे दोन ऑपरेशनांच्या मधली पाऊण तासाची फट असायची. तीन प्रश्न झाले की वेळ संपला. जुन्या यंत्रावर हेच काम एका बैठकीत उरकायचं.

शिक्षिकेच्या ऑपरेशनची तारीख एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी त्या स्वतःच खाली आल्या, गालावर रुमाल धरून. "माझ्यामुळे काही अडलंय का?" त्यांनी विचारलं. बोलताना दुखत होतं हे दिसत होतं. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे नाही हो." पुढे काय सांगणार? आठ आणि चोवीस?

त्या गेल्यावर ताई माझ्या खोलीत आल्या. "माझं जुनं यंत्र कुठे आहे?"

ते भंगारात गेलं नव्हतं, एवढंच संगणकभाऊंनी सांगितलं होतं. कुठे द्यायचं, ते त्यांच्या हाताखालच्यांनी परस्पर ठरवलं होतं, नोंद नव्हती. ताईंनी विचारत विचारत मजल्यामागून मजला पालथा घातला. ग्रंथालय, प्रशासन, रक्तपेढी. सापडलं ते अगदी अचानक. दर्शनी दालनात चौकशीच्या खिडकीपाशी बसणारी बाई सहज म्हणाली, "आमच्याकडे आलंय ना एक मोठं धूड. पायाशी गरम हवा फेकतं. माझ्या घोट्यांना बरं वाटतं हो, पण आवाज फार."

ताई तिथेच गुडघ्यावर बसल्या आणि टेबलाखाली डोकावल्या. त्यांचंच. बाजूला त्यांच्याच हाताची प्लास्टरची पांढरी बोटं अजून उमटलेली होती.

"काय चालतं यावर?" त्यांनी विचारलं.

खिडकीवाल्या बाईने वर बोट दाखवलं. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा होता: सत्तेचाळीस. खाली ओळ: कृपया शांतता राखा. मिनिटाभराने टण् असा आवाज झाला आणि सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले.

चोवीस जीबीचं ते कार्ड दिवसभर रांगेचे आकडे दाखवत होतं. ताई ताडकन उभ्या राहिल्या. मी इतकी वर्षं शेजारी बसतो, पण त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या थेट सर्जनबाईंकडे गेल्या. दार लोटून आत. हेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जनबाई खरेदीसाहेबांना ताईंच्या खोलीत घेऊन आल्या. घेऊन आल्या म्हणजे, त्यांच्या पुढे चालत आल्या आणि ते मागून आले. संगणकभाऊही होते. खोलीत उभं राहायला जागा नव्हती, मी दारात.

"बसा," सर्जनबाई साहेबांना म्हणाल्या. "काही बोलायचं नाही. फक्त बघायचं."

ताईंनी जबडा उघडला, पाय उघडायला घेतला. साहेब पट्टीकडे पाहत राहिले. एकाहत्तर. बंद. "पुन्हा," सर्जनबाई म्हणाल्या. एकाहत्तर. बंद. तिसऱ्यांदा पट्टी सरकायला लागली तेव्हा साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं. मग ताईंनी ते तुकड्या-तुकड्यांनी कसं करतात तेही दाखवलं, एक फेरी, तेरा मिनिटं. साहेब पूर्ण वेळ बसून राहिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"पण हे नवं आहे ना?" त्यांनी शेवटी विचारलं. वाद घालायला नव्हे. खरोखरच त्यांना कळत नव्हतं.

तेव्हा संगणकभाऊ हळूच म्हणाले, "साहेब, आपल्याकडे मंजूर यादी असते ना, तिच्यात 'चालू पिढीचं कार्ड' एवढंच लिहिलेलं आहे. मेमरीची अटच नाही. मी दोनदा कळवलं होतं. यादी बदलेना, म्हणून यादीतलं जे होतं तेच घेतलं." मग ताईंकडे न बघता म्हणाले, "चाचणी मी खेळाची लावली होती. तुमच्या कामाची लावायला हवी होती."

ताई नंतर मला म्हणाल्या, "त्याच्यावर ओरडायचं मी किती दिवस साठवून ठेवलं होतं. तेही गेलं."

साहेबांनी अर्जावर 'दुरुस्ती' लिहिलं आणि पुढे 'तात्पुरती'. तरी काम लगेच झालं नाही. संगणकभाऊंनी जुनं कार्ड काढून नव्या यंत्रात बसवायला घेतलं, तर ते दोन बोटं लांब. खोक्यात मावेना, आणि त्याला लागणारी वीजही ते छोटं यंत्र देऊ शकत नव्हतं. मग दोन्ही यंत्रंच्या यंत्रं अदलाबदल करायचं ठरलं. त्यासाठी दालन बंद असायला हवं, म्हणून रविवारची वाट पाहिली. रविवारी यंत्र आलं, तर हाडांच्या प्रोग्रॅमचा परवाना नव्या यंत्राशी बांधलेला. तो सोडवायला कंपनीला फोन. फोनवर ताईंना चार वेळा सांगितलं गेलं, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "असं नुसतं म्हणू नका, उचला."

मंगळवारी सकाळी भिंतीपलीकडून पंखा घोंघावला. माझ्या टेबलावरचा पेशंट म्हणाला, "सुरू झालं का?" मी त्याला उत्तर द्यायचं सोडून शेजारी पळालो. पट्टी एकाहत्तरवरून गेली, ऐंशी, नव्वद. पाय उघडला. हाड, आणि त्याला बिलगून वर चढत गेलेली लाल वाहिनी. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि लगेच कामाला लागल्या. आनंद वगैरे काही दाखवला नाही. म्हणाल्या, "तीन आठवडे गेले हो. त्या बाईंचे गेले."

शिक्षिकेचं ऑपरेशन झालं. जबडा व्यवस्थित बसला. तीन महिन्यांनी त्या तपासायला आल्या तेव्हा शब्द थोडे ओढून बोलत होत्या, पण बोलत होत्या. शाळेत परत जायची घाई झाली होती त्यांना. ताईंनी त्यांना त्यांच्याच जबड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं, मग म्हणाल्या, "इतका वेळ लागला याला?"

"यंत्र बदललं होतं," ताई म्हणाल्या.

"बिघडलं होतं का?"

"नाही. चांगलं होतं. माझ्या कामाचं नव्हतं."

इस्पितळाच्या वार्षिक अहवालात 'मॉडेल कक्षाचं आधुनिकीकरण पूर्ण' असं छापून आलं, त्या छोट्या चकचकीत यंत्राच्या फोटोसकट. ताईंनी तो अंक उघडलासुद्धा नाही. त्यांच्यापुढे दुसरीच काळजी आहे. प्रोग्रॅमवाल्या कंपनीने कळवलंय, की पुढच्या आवृत्तीपासून इतक्या जुन्या पिढीचं कार्ड चालणार नाही. म्हणजे नवं घ्यावंच लागेल. या वेळी ताईंनी आणि संगणकभाऊंनी मिळून मागणी लिहिली आहे: पिढी चालू, आणि मेमरी चोवीस किंवा जास्त. तशी कार्डं मिळतात, भावाने तीन नावं काढून दिलीत. मागणी समितीकडे जाऊन पाच महिने झाले. मागच्या आठवड्यात तिथून एक शंका आली, की चोवीसच का, सोळा का चालणार नाही, याचं सविस्तर कारण द्यावं.

ताई आता ते लिहीत बसल्या आहेत. मधूनच भिंतीवर टकटक करून मला विचारतात, "सविस्तर म्हणजे किती पानं हो?"